टॉम रॉबिन्सनचा गुन्हा

माझी भाची न्यू जर्सीत राहते. गेल्या वर्षी जुलैत ती मुलीला घेऊन नांदेडला आली. तिकडचा उन्हाळा आमच्या पावसाळ्यात येतो. जूनच्या अखेरीस शाळा बंद होतात आणि सप्टेंबरच्या आरंभी उघडतात. मुलगी नववीत जायची होती. तिकडे नववीपासून हायस्कूल सुरू होते. तिच्या बॅगेत एक जाड कागद होता. सुटीत वाचायच्या पुस्तकांची यादी त्यावर होती, आणि ‘वाचणे बंधनकारक’ असे वर ठळक छापले होते. पहिले नाव हार्पर ली यांच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’चे. सोबत बारा प्रश्नांची पत्रिका. शाळा उघडताच उत्तरे द्यायची, त्यांवर पहिले गुण.

दोन दिवस ती ओसरीत पाय पसरून वाचत होती. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारले, “आजोबा, टॉमला त्या मुलीचं वाईट वाटलं. मग त्याचा त्या लोकांना एवढा राग का आला?”

पस्तीस वर्षे मी इंग्रजी शिकवले. ही कादंबरी मी तीन वेळा वाचली आहे, तिच्यावर व्याख्यानही दिले आहे. पण हा प्रश्न मी कधी वर्गाला विचारला नव्हता. बारा प्रश्नांच्या पत्रिकेतही तो नव्हता. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे.

आधी या प्रथेविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत आपल्यासारखे शिक्षण मंडळाचे एकच एक पाठ्यपुस्तक नसते. कोणत्या पुस्तकाचे अध्यापन व्हावे हे त्या त्या भागाचे शाळा मंडळ आणि शाळेतले इंग्रजीचे शिक्षक ठरवतात. एवढे स्वातंत्र्य असूनही याद्या मात्र एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा. 1989 मध्ये आर्थर ॲपलबी या अभ्यासकाने हायस्कुलांत पूर्ण शिकवल्या जाणाऱ्या पुस्तकांची पाहणी प्रसिद्ध केली. पहिल्या दहांत शेक्सपिअरची चार नाटके, ‘हकलबरी फिन’, ‘द स्कार्लेट लेटर’, ‘ऑफ माइस अँड मेन’, ‘द ग्रेट गॅट्सबी’, ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ आणि हे ‘मॉकिंगबर्ड’. दहांत लेखिका एकच, हार्पर ली. काळा लेखक एकही नाही. त्यानंतर याद्या बऱ्याच बदलल्या, टोनी मॉरिसन आल्या, इतरही आले. तरी ‘मॉकिंगबर्ड’ हलले नाही. शाळेच्या कपाटात त्याच्या प्रतींचा गठ्ठा असतो, प्रश्नपत्रिका तयार असतात, आणि मुलांच्या आईबापांनीही नववीत तेच वाचलेले असते. अभिजात ठरण्याच्या प्रक्रियेत या कपाटातल्या गठ्ठ्याचा वाटा किती असतो, यावर आमच्या समीक्षकांनी कधीतरी लिहायला हवे.

पण या पुस्तकाचे यादीतले काम वेगळे आहे. वंशभेद म्हणजे काय हे अमेरिकन मूल बहुधा पहिल्यांदा या पुस्तकातून ‘शिकते’. म्हणून त्याची तपासणी अधिक कठोरपणे झाली पाहिजे.

माझ्या स्वतःच्या सुटीची गोष्ट दोन वाक्यांत आटोपतो. 1973 च्या उन्हाळ्यात मी आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत होतो, आणि वाचायला मिळाले ते भाकरी बांधून आणलेल्या वर्तमानपत्राचे कपटे. गावात वाचनालय होते. त्याच्या पायरीवर बसता येत होते.

आता कादंबरी. अलाबामा राज्यातले मेकोम हे काल्पनिक गाव, काळ 1930 नंतरच्या मंदीचा. अॅटिकस फिंच हा गोरा वकील. त्याची मुलगी स्काउट कथा सांगते. टॉम रॉबिन्सन या काळ्या शेतमजुरावर मेयेला युएल या गरीब गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आळ आहे. त्याचा डावा हात लहानपणी सरकीच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. मारहाणीच्या खुणा मात्र मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा डावखुरा असावा. अॅटिकस हे सारे सिद्ध करतो. बारा गोरे ज्यूरर तरीही टॉमला दोषी ठरवतात. पुढे तुरुंगाचे कुंपण चढताना टॉमला गोळ्या घालतात. सतरा गोळ्या.

खटल्यातला कळीचा क्षण निकामी हाताचा नाही. सरकारी वकील टॉमला विचारतो, की तू त्या मुलीची कामे फुकट का करीत होतास? टॉम सांगतो, मला तिची कीव आली. तिला मदत करणारे कोणी दिसत नव्हते. वकील ते शब्द उचलून धरतो आणि कोर्टात शांतता पसरते. टॉमला आपली चूक कळते, पण शब्द परत घेता येत नाही. बलात्काराच्या आरोपापेक्षाही मोठा गुन्हा त्याने कबूल केलेला असतो. एका काळ्या माणसाने एका गोऱ्या बाईची कीव केली!

कणव ही वरून खाली वाहणारी गोष्ट आहे. ज्याच्यापाशी उंची आहे त्यानेच ती करायची आणि खालच्याने ओंजळ धरायची. टॉमने हा प्रवाह उलटा केला. वर्णव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता त्याने स्वतःला माणूस समजले आणि तिला आपल्याहून दुबळा माणूस. गावाला हे सहन होणे शक्य नव्हते. हार्पर ली यांना हे नेमके कळलेले होते. ही जाग त्यांच्या कलेची आहे आणि मी तिला सलाम करतो. 1960 साली अलाबामातल्या एका गोऱ्या बाईने हे लिहिणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

पण पुढे काय होते? कादंबरी टॉमची कणव तिथेच कोर्टात सोडून देते आणि वाचकाच्या हाती स्वतःची कणव ठेवते. टॉम आता दयेचा विषय. त्याच्या मरणाची बातमी अॅटिकस घरी घेऊन येतो, तेव्हा दिवाणखान्यात मिशनरी मंडळाच्या बायका जमलेल्या असतात. आफ्रिकेतल्या कुठल्याशा जमातीच्या दुःखाने त्यांचे डोळे पाणावलेले, आणि स्वतःच्या घरच्या काळ्या मोलकरणी खटल्यानंतर तोंड पाडून वागतात म्हणून तक्रारी चाललेल्या. हा उपहास अतिशय धारदार आहे. पण बातमी ऐकल्यावर स्काउट आणि तिची आत्या काय करतात? चेहरा सावरतात आणि तबक घेऊन पुन्हा दिवाणखान्यात जातात. लेखिका या सावरण्याकडे कौतुकाने पाहते. टॉमची बायको हेलन बातमी ऐकून कोसळते तो प्रसंग आपल्याला तिच्या अंगणात नेऊन दाखवलेला नाही; एका मुलाने पाहिले, त्याने स्काउटला सांगितले, असा ऐकीव होऊन तो आपल्यापर्यंत येतो. टॉमच्या मयतीचे वर्णन नाही. त्याच्या वस्तीतली ती रात्र नाही. कादंबरी वळते ती स्काउट आणि तिच्या भावावर होणाऱ्या हल्ल्याकडे, शेजारच्या एकलकोंड्या बू रॅडलीकडे.

आणखी एक तपशील. कोर्टात मुलांना खाली जागा मिळत नाही म्हणून ती काळ्यांच्या सज्जात जातात. तिथे चार काळी माणसे उठून पहिल्या रांगेतल्या आपल्या जागा त्यांना देतात. आपल्याच माणसाचा खटला, आपलाच सज्जा, तरी जागा गोऱ्या पोरांना! आणि खटला हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अॅटिकसचे स्वयंपाकघर काळ्या लोकांनी पाठवलेल्या खाण्याने भरलेले असते. टॉमच्या बापानेही कोंबडी पाठवलेली असते. मुलगा तुरुंगात, आणि बाप आभार मानतो आहे. या ठिकाणी माझे वाचन दर वेळी थांबते. त्या बापाने त्या रात्री बायकोशी काय बोलणे केले असेल? कादंबरीला ते ऐकू आलेले नाही.

शीर्षकाचा पक्षीही तपासून पाहावा. मॉकिंगबर्ड मारणे पाप, कारण तो कुणाची नासधूस करीत नाही, आपल्यासाठी केवळ गातो. पण तोच अॅटिकस मुलांना सांगतो की ब्ल्यू जे पक्षी हवे तेवढे मारा. म्हणजे जगण्याचा हक्क गाण्यावर अवलंबून आहे! टॉम निरुपद्रवी आहे, विनम्र आहे, चर्चला जातो, हाताने अधू आहे. म्हणून त्याला मारणे पाप. तो उद्धट असता, दारू पिणारा असता, हात धडधाकट असता आणि तरी निर्दोष असता, तर? आम्हाला हा हिशेब जुना आहे. सवर्ण साहित्यातला ‘गुणी महार’ असाच गाणारा पक्षी होता. तो कधी कंदुरी करीत नाही, कधी शिवी देत नाही, मालकाच्या मुलासाठी मात्र पुरात उडी टाकतो.

या कादंबरीतली खरी व्यक्ती, माझ्या मते, कल्पर्निया आहे. फिंचांच्या घरची स्वयंपाकीण. एका रविवारी ती मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते. तिथे स्तोत्रांची पुस्तके नाहीत, कारण चारेक माणसांखेरीज कुणाला वाचता येत नाही. कल्पर्नियाचा मुलगा झीबो पुढे उभा राहून एकेक ओळ वाचतो आणि सगळी सभा ती त्याच्यामागून गाते. या झीबोला आईने वाचायला शिकवले ते बायबलवरून आणि ब्लॅकस्टोनच्या कायद्याच्या ग्रंथावरून. कायद्याचा ग्रंथ वाचून अक्षर ओळखलेला माणूस त्या गावात कचऱ्याची गाडी चालवतो, आणि कायदा ज्या ज्यूरीच्या खुर्चीवर बसतो तिथे त्याला प्रवेश नाही. एवढ्या एका प्रसंगात आख्खी कादंबरी दडलेली आहे. पण ती हार्पर ली लिहू शकत नव्हत्या, कारण त्या स्काउटच्या डोळ्यांनी पाहत होत्या आणि स्काउट संध्याकाळी आपल्या घरी परत जाते.

त्याच प्रकरणात स्काउटच्या लक्षात येते की कल्पर्निया आपल्या लोकांत वेगळी भाषा बोलते. शुद्ध बोलता येत असताना तसे का बोलतेस, असे ती विचारते. कल्पर्नियाचे उत्तर असे, की माझ्या लोकांत गोऱ्यांसारखे बोलले तर मी शहाणपणा मिरवते असे होईल. हे वाचून माझ्या पिढीतल्या कुणाला हसू येणार नाही? आम्ही वर्गात ‘पाणी’ म्हणायचो आणि वस्तीत ‘पानी’. दोन जिभा सांभाळण्याची ती कसरत तिनेही केली. पण प्रश्नपत्रिकेत कल्पर्नियावर एकच प्रश्न होता, ‘ती मुलांना शिस्त कशी लावते?’

आता माझी एक आठवण. बी.ए.ला आम्हाला मुल्कराज आनंदांची ‘अनटचेबल’ होती. 1935 ची कादंबरी. लेखक सवर्ण, हेतू चांगला. भंगीकाम करणाऱ्या बखाच्या एका दिवसाची कथा. प्राध्यापक तळमळीने शिकवत. बखाचा स्पर्श झाला म्हणून त्याच्या तोंडात मारतात तो प्रसंग वाचताना त्यांचा आवाज कापला आणि वर्गातल्या चाळीसेक माना हळूच माझ्या आणि माझ्या मित्राच्या बाकाकडे वळल्या. त्या माना दुष्ट नव्हत्या. त्यांत कणव होती. तास संपल्यावर एक मुलगा येऊन म्हणाला, “आम्ही तसले नाही रे.” मी त्याला काय म्हणणार होतो? त्या क्षणी मला बखा व्हावे लागले, आणि मला बखा व्हायचे नव्हते. मला तर त्या कापऱ्या आवाजाच्या प्राध्यापकांची कीव आली होती. ती बोलून दाखवायची सोय नव्हती.

अमेरिकेतल्या काळ्या पालकांनी गेली काही दशके ‘हकलबरी फिन’ आणि ‘मॉकिंगबर्ड’बद्दल हेच सांगितले आहे. वर्गात शिक्षक ती शिवी मोठ्याने वाचतो, आणि वर्गातले एकुलते एक काळे मूल मान खाली घालते. उरलेल्यांना सहानुभूतीचा धडा मिळतो. त्याला धडा व्हावे लागते. 2017 मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सी येथे आठवीच्या अभ्यासातून ‘मॉकिंगबर्ड’ काढले गेले; कारण दिले, भाषेमुळे लोकांना अस्वस्थ वाटते. 2022 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मकिल्टिओ येथे ते नववीच्या सक्तीच्या यादीतून काढले, पण ज्या शिक्षकाला शिकवायचे त्याला मुभा ठेवली. या दोन निर्णयांत मला फरक दिसतो. पहिल्यात कुणाला अस्वस्थ वाटते हे सांगितलेलेच नाही. दुसऱ्यात सक्तीचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

बंदीच्या बाजूने मी कधीच उभा राहणार नाही. 1966 मध्ये व्हर्जिनियातल्या एका शाळा मंडळाने ही कादंबरी अनैतिक ठरवली होती. तेव्हा हार्पर लींनी दहा डॉलर पाठवून त्या मंडळाला पहिलीत घालावे असे सुचवले. बंदी घालणारे पुढे काय काढतात हेही ठाऊक आहे. ज्या टोनी मॉरिसनने ‘द ब्लुएस्ट आय’मध्ये काळ्या मुलीची कथा तिच्याच अंगणात उभे राहून सांगितली, ते 1970 चे पुस्तक आज तिकडच्या शाळांतून सर्वाधिक हटवल्या जाणाऱ्या पुस्तकांत आहे. महाडचे उदाहरण कोणी पुढे करील. 1927 मध्ये बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती कायदा म्हणून. वाचून, पचवून, जाहीरपणे. आणि त्यांनी घर बांधले ते ग्रंथांसाठी.

पुस्तकाला मुकलेल्यांना पुस्तक हिसकावण्याची भाषा शोभत नाही. गुलामीच्या काळात अलाबामात 1832 चा कायदा होता. गुलामाला अक्षर शिकवणाऱ्याला दंड. आमच्याकडे गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसे ओतायची आज्ञा. फ्रेडरिक डग्लसला बॉल्टिमोरच्या मालकिणीने मुळाक्षरे शिकवली. मालकाने ती बंद केली, आणि ती का बंद केली हे ऐकून डग्लसला वाचनाची किंमत कळली. रिचर्ड राइटची हकिकत तर मी दरवर्षी वर्गात सांगत असे. मेम्फिसच्या ग्रंथालयात काळ्यांना पुस्तके मिळत नसत. त्याने एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड घेतले, त्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि निरोप्या बनून गेला. ग्रंथपाल बाईने विचारले, ही पुस्तके तू तर वाचत नाहीस ना? तो म्हणाला, मला वाचता येत नाही. ‘वाचता येत नाही’ असे सांगून मिळवलेल्या पुस्तकांतून तो लेखक झाला. ‘ब्लॅक बॉय’ 1945 चे. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी काय वाचावे असे मला विचाराल तर मी हे आधी सांगेन. त्यात वाचन सक्तीचे नाही, चोरीचे आहे.

हार्पर लींचे गाव मनरोव्हिल. 1997 मध्ये अलाबामाच्या वकील संघटनेने तिथे अॅटिकस फिंचचे स्मारक उभारले. काल्पनिक वकिलाचे स्मारक! कादंबरी गाजत होती त्या काळात अलाबामात खरे काळे वकील होते. फ्रेड ग्रे यांनी रोझा पार्क्सचा खटला चालवला. आर्थर शोअर्स यांच्या बर्मिंगहॅममधल्या घरावर 1963 मध्ये दोनदा बॉम्ब टाकण्यात आला. नववीच्या पोराला अॅटिकस माहीत असतो, शोअर्स नसतात. त्याच मनरो काउंटीतल्या वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला 1988 मध्ये न केलेल्या खुनासाठी मृत्युदंड झाला. खुनाच्या वेळी तो घरी होता आणि ते सांगणारी माणसे होती. ती काळी होती म्हणून ज्यूरीला पटली नाहीत. सहा वर्षे तो मृत्युकोठडीत राहिला. ब्रायन स्टीव्हन्सन या काळ्या वकिलाने लढून 1993 मध्ये त्याला सोडवले आणि 2014 मध्ये ‘जस्ट मर्सी’ लिहिले. गावाला आपल्या कादंबरीचा अभिमान होता. दरवर्षी तिचे नाटक तिथे होते. टॉमसाठी रडलेल्या गावाने मॅकमिलियनला ओळखले नाही. कणव शिकवल्याने न्याय येतो हा समज तपासायला याहून चांगली प्रयोगशाळा सापडणार नाही. 2015 मध्ये लींची आधी लिहिलेली ‘गो सेट अ वॉचमन’ छापली गेली. तिच्यात म्हातारा अॅटिकस काळ्यांच्या समान शाळांना विरोध करणाऱ्या सभेत बसलेला आहे. वाचक हळहळले. मला तो अॅटिकस जास्त ओळखीचा वाटला. आमच्याकडेही वसतिगृहाला देणगी देणारे आणि राखीव जागांचे नाव काढताच चेहरा बदलणारे कितीतरी सज्जन आहेत.

1946 मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले ते काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती मिळाव्यात म्हणून. त्यांना दुसऱ्याच्या लढ्याचा कागद हवा होता. आमच्या पिढीने काळ्यांचे साहित्य वाचले तेही याच भुकेने. जनार्दन वाघमाऱ्यांच्या पुस्तकाने ती भूक वाढवली.

मुलीच्या प्रश्नाला मी एवढे सगळे उत्तर दिले नाही. मी तिला म्हटले, “टॉम तिच्या बरोबरीने उभा राहिला, म्हणून.” तिने मान हलवली आणि पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तेराव्या क्रमांकाने स्वतःच प्रश्न लिहिला, त्याखाली उत्तर.

यादीच्या तळाशी एक ओळ होती. आणखी एक पुस्तक स्वतःच्या निवडीचे, नाव लिहून त्यावर पालकाची सही. तिने माझ्या कपाटातून दया पवारांच्या ‘बलुतं’चे इंग्रजी भाषांतर काढले आणि दोन दिवसांत अर्धे वाचले. भाची ते पाहून गप्प झाली. रात्री स्वयंपाकघरात मला म्हणाली, “मामा, तिच्या शाळेत आपल्याकडची मुलं आहेत. मराठी मंडळातलीच. आम्ही तिथं कुणाला काही सांगितलेलं नाही.” 2023 मध्ये सिएटल शहराने जातिभेदाविरुद्ध कायदा केला हे मी तिला सांगितले. तिने तवा उतरवला. “सिएटल लांब आहे,” ती म्हणाली.

निघायच्या दिवशी मुलीने पुस्तक हातातल्या पिशवीत घातले, वरच, प्रवासात वाचायला. यादीच्या कागदावर तिने नाव लिहिले होते. सहीची जागा मी पाहिली तेव्हा कोरी होती.